येशू मेलेल्यांतून खरोखर उठला का? पुनरुत्थानाविषयीच्या शंकांचा विचार

येशूची शिकवण पुष्कळांना आवडते. डोंगरावरील प्रवचन, शत्रूवरही प्रीती करण्याची आज्ञा, उधळ्या पुत्राचा दृष्टान्त यांविषयी ख्रिस्ती नसलेली माणसेही आदराने बोलतात. परंतु वधस्तंभावर मेलेला आणि कबरेत ठेवलेला हा माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला, असे म्हटले की संभाषण थबकते. ही शंका घेणाऱ्याला ‘श्रद्धा नाही म्हणून विचारतो’ असे म्हणून गप्प करणे योग्य नाही, कारण सगळी श्रद्धा या एका गोष्टीवर पणाला लावण्याचे काम पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक प्रेषित पौल याने स्वतःच केलेले आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आहे, तुमचा विश्वास पोकळ आहे आणि आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरतो, असे त्याने करिंथ येथील मंडळीला लिहिले. इतक्या स्पष्टपणे मांडलेला दावा तपासून पाहण्याचा अधिकार वाचकाला आहेच.

मराठी वाचकाचा घोटाळा बहुधा शब्दापाशीच होतो. पुनर्जन्माच्या कल्पनेत आत्मा जुना देह टाकून नवा धारण करतो आणि मागे राहिलेल्या देहाला काही भवितव्य उरत नाही. पुनरुत्थानात मेलेला देहच उठतो आणि बदलतो. वटसावित्रीच्या कथेतला सत्यवान यमाच्या पाशातून परत आला, पण तो याच मर्त्य आयुष्यात परत आला. येशूने उठवलेला बेथानीचा लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला, तोही पुढे केव्हा तरी मरण पावलाच असणार. तुकाराम महाराजांच्या सदेह वैकुंठगमनावर वारकऱ्यांची श्रद्धा आहे, पण तिथे मृत्यू आणि दफन मधे येत नाहीत. संत देहासह या जगातून निघून जातो. येशूविषयीचे म्हणणे या तिन्हींहून वेगळे आहे. तो मेला, पुरला गेला आणि पुन्हा कधीही न मरणाऱ्या देहाने याच जगात आपल्या माणसांना भेटला, असे ते म्हणणे आहे. त्या देहावर खिळ्यांचे वण होते, त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, आणि तरीही अम्माऊसच्या वाटेवर बरोबर चालणाऱ्या दोन शिष्यांना तो बराच वेळ ओळखू आला नाही.

हे वर्णन कोणी कल्पनेने रचले असते तर असे झाले असते का, याचा विचार करण्यासारखा आहे. दानीएलाच्या पुस्तकात मेलेले उठतील असे सांगताना ज्ञानी माणसे ताऱ्यांसारखी झळकतील असे म्हटले आहे. त्या साच्यात कथा रचणाऱ्याने उठलेला येशू तेजाने झळकणारा दाखवला असता. येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत; त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानात मात्र मग्दालिया मरीयेला तो बागेचा माळी वाटतो.

त्या काळच्या यहुदी समाजात पुनरुत्थानाची कल्पना होती. परूशी पंथाचे लोक ती मानत आणि सदूकी पंथाचे नाकारत. पण मानणाऱ्यांचीही अपेक्षा युगाच्या अंती सर्वांनी एकदम उठण्याची होती. इतिहास चालू असताना एकटाच माणूस उठेल, आणि तोही रोमी सत्तेने क्रूसावर मारलेला मसीहा असेल, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. मसीहा किंवा मुक्तिदाता म्हणून पुढे आलेले इतरही लोक त्या शतकात होऊन गेले. थुदास मारला गेला, गालीली यहूदा मारला गेला आणि त्यांचे अनुयायी पांगले. येशूच्या शिष्यांना पांगणे मान्य नसते तर दुसरा नेता निवडण्याची वाट मोकळी होती आणि त्यासाठी माणूसही घरातच होता. येशूचा भाऊ याकोब हा यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला, त्याच्या धार्मिकतेचा लौकिक होता, पण त्याला मसीहा कोणीही म्हटले नाही. मसीहा जिवंत आहे, असेच ती मंडळी म्हणत राहिली.

आता सर्वांत अधिक ऐकू येणाऱ्या शंकेकडे वळू. या कथा पुष्कळ वर्षांनी, लोकांच्या तोंडी वाढत वाढत तयार झाल्या, असे म्हटले जाते. शुभवर्तमाने घटनेनंतर साधारण ३५ ते ६५ वर्षांनी लिहिली गेली, हे बहुतेक अभ्यासक मानतात आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुनरुत्थानाची सर्वांत जुनी लेखी साक्ष शुभवर्तमानांत नाही. ती पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे आणि ते पत्र इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमाराचे आहे. येशूचा वध सन ३० किंवा ३३ मध्ये, पंतय पिलात यहूदीयाचा अधिकारी असताना झाला. म्हणजे मधे अंतर पडते ते २० ते २५ वर्षांचे.

हे अंतर किती, याचा अंदाज येण्यासाठी २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस आठवावा. त्या रात्री कमरेइतक्या पाण्यातून चालत घर गाठलेली माणसे आजही आपल्यात आहेत. त्या दिवशी मुंबईत पाऊसच पडला नाही, किंवा मिठी नदी उलटी वाहिली, असे कोणी लिहिले तर ती माणसे त्याला जागच्या जागी अडवतील. पौल नेमके हेच करायला सांगतो. ख्रिस्त पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला, त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत आणि काही मरण पावले आहेत, असे तो लिहितो. करिंथ हे समुद्रमार्गाने जोडलेले, येण्याजाण्याचे शहर होते. ज्यांना पडताळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी हे वाक्य उघडे आव्हान होते.

त्याहूनही महत्त्वाचे असे की ख्रिस्त कोणाकोणाला दिसला याची ही यादी पौलाने पत्र लिहिताना तयार केलेली नाही. ‘मला जे मिळाले ते मी तुम्हाला सोपवले’ अशी तिची सुरुवात आहे, आणि मिळणे-सोपवणे हे शब्द यहुदी गुरुशिष्य परंपरेत पाठ केलेली शिकवण पुढे देण्यासाठी वापरले जात. ख्रिस्त आमच्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला आणि मग बारा जणांना दिसला, अशी ती ठाशीव, पाठांतराला सोपी वाक्ये आहेत. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याला त्यांत ‘केफा’ हे अरामी, म्हणजे शिष्यांच्या स्वतःच्या बोलीतले, नाव आहे. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो, की आपले परिवर्तन झाल्यावर तीन वर्षांनी आपण यरुशलेमास गेलो, केफाकडे १५ दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. याकोबाचे नावही त्या यादीत पुढे आहे, म्हणजे तिच्यातील दोन प्रमुख साक्षीदारांशी तो घटनेनंतर फार तर सात-आठ वर्षांत समोरासमोर बोललेला होता. पुनरुत्थानावर विश्वास नसलेले अनेक अभ्यासकही ही साक्ष घटनेनंतरच्या अगदी पहिल्या काही वर्षांत घडली असे मानतात. पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेल्या दंतकथेसाठी एवढा अवधी पुरत नाही.

कबरेविषयी एक आक्षेप अधिक अभ्यासपूर्ण आहे. क्रूसावर मारलेल्यांचे देह रोमी लोक गिधाडांना सोडत किंवा खड्ड्यात टाकत, तेव्हा येशूला स्वतंत्र कबर मिळालीच नसेल, असा तो आहे. साम्राज्यात इतरत्र तसे घडत असे, हे खरे आहे. परंतु यहुदी नियमशास्त्र लटकवलेल्या माणसाचा देह रात्रभर तसाच ठेवू देत नाही, आणि यहुदी लोक क्रूसावर मारलेल्यांनाही सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात, असे पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने नोंदवले आहे. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेकडील एका कौटुंबिक कबरेत येहोहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली. त्याच्या टाचेच्या हाडात वाकलेला लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. हा क्रूसावर मारलेला माणूस रीतसर पुरला गेला होता.

रिकामी कबर प्रथम कोणी पाहिली, या प्रश्नापाशी मी नेहमी थांबतो. चारही शुभवर्तमाने एकमुखाने सांगतात, की ती स्त्रियांनी पाहिली आणि त्यांत मग्दालिया मरीया होती. त्या समाजात स्त्रीच्या साक्षीला वजन नव्हते. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे जोसेफस स्पष्ट लिहितो. दुसऱ्या शतकातील सेल्सस हा ख्रिस्ती धर्माचा टीकाकार तर याच गोष्टीवरून टर उडवतो, की हे पाहिले कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने. लोकांना पटावे म्हणून कोणी कथा रचली असती, तर पहाटे कबरेवर अरिमथाईकर योसेफ किंवा निकदेम यांच्यासारखे न्यायसभेतले प्रतिष्ठित पुरुष पाठवले असते. शुभवर्तमानकार लूक तर हेही लपवत नाही, की खुद्द प्रेषितांना त्या स्त्रियांचे बोलणे वायफळ वाटले. इतकी गैरसोयीची गोष्ट चौघांनीही जपून ठेवावी याचे सरळ कारण एकच दिसते. ती तशी घडली होती आणि सगळ्यांना ठाऊक होती.

मग देह गेला कुठे? शिष्यांनी तो चोरला, हे सर्वांत जुने उत्तर आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते विरोधकांच्या तोंडी आहे आणि दुसऱ्या शतकाच्या मध्याला हुतात्मा जस्टिन यानेही त्याचा उल्लेख केला आहे. या आरोपात कबर रिकामी होती हे गृहीतच धरलेले आहे, ही बाब सहज नजरेतून सुटते. आणि चोरणाऱ्यांना मिळाले काय? प्रेषित योहानाचा भाऊ याकोब राजा हेरोद अग्रिप्पाच्या तलवारीने मेला. येशूचा भाऊ याकोब सन ६२ मध्ये दगडमार होऊन मेला, हे जोसेफस सांगतो. दोनच वर्षांनी रोमच्या आगीचे निमित्त करून नीरोने ख्रिस्ती लोकांची जी हत्या केली, तिची हकिकत त्यांच्याविषयी मुळीच आस्था नसलेल्या टॅसिटस या रोमी इतिहासकाराने लिहिली आहे. बाराही प्रेषित हुतात्मे झाले असे आपल्या उपदेशांत सर्रास सांगितले जाते, ते मात्र जपून सांगावे; अनेकांच्या मृत्यूची हकिकत नंतरच्या परंपरेतून येते. मोजक्या, भक्कम नोंदींवरूनही एवढे दिसते, की छळ सोसणाऱ्यांच्या अगदी पहिल्या रांगेत तीच माणसे होती ज्यांना खरेखोटे स्वतः ठाऊक असायला हवे होते. दुसऱ्याने सांगितलेल्या खोट्यासाठी माणसे मरतात. स्वतः रचलेल्या खोट्यासाठी, काहीही पदरात पडत नसताना, एकामागून एक मरायला कोण तयार होईल?

येशू क्रूसावर मेलाच नाही, केवळ मूर्च्छित झाला, हे दुसरे उत्तर. आपल्याकडे ते काश्मीरच्या गोष्टीच्या रूपाने फार ऐकू येते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादन केले, की येशू क्रूसावरून जिवंत उतरला, पूर्वेकडे आला, काश्मीरमध्ये म्हातारा होऊन मरण पावला आणि श्रीनगरच्या खानयार भागातील रोझाबल ही त्याची कबर आहे. त्याआधी १८९४ मध्ये निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने, येशू तरुणपणी भारतात शिकल्याची हस्तलिखिते लडाखच्या हेमिस मठात आपल्याला वाचून दाखवण्यात आली, असे प्रसिद्ध केले होते. आग्र्याच्या सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापक आर्किबाल्ड डग्लस १८९५ मध्ये हेमिसला जाऊन मुख्य लामांना भेटले, तेव्हा असा कोणताही ग्रंथ मठात नाही, असे लामांनी सांगितले. या दोन्ही गोष्टी घटनेनंतर अठरा शतकांनी पुढे आल्या आहेत. पौलाची वीस-पंचवीस वर्षांची साक्ष ज्यांना फार उशिराची वाटते, त्यांनी अठराशे वर्षांनंतरची साक्ष सहज स्वीकारावी, यात न्याय नाही.

मूर्च्छेच्या कल्पनेतच मोठी अडचण आहे. रोमी फटक्यांनी आधीच पाठ सोलली जात असे, आणि क्रूसावरचा माणूस मेला की नाही हे ओळखणे हे त्या शिपायांचे रोजचे काम होते. जोसेफसने लिहिले आहे, की क्रूसावर टांगलेले आपले तीन परिचित त्याने सेनापती टायटसला विनवून खाली उतरवून घेतले. वैद्यांनी काळजीपूर्वक उपचार करूनही त्यांतील दोघे दगावले. येशूला तर कोणी उपचारासाठी उतरवले नव्हते. त्याच्या कुशीत भाला खुपसला गेला होता. क्षणभर मानले की तो वाचला, तरी मग शिष्यांना दिसला असता तो लंगडणारा, रक्ताळलेला, सुश्रूषेची गरज असलेला माणूस. डेव्हिड स्ट्राउस या जर्मन पंडिताचा स्वतःचा पुनरुत्थानावर विश्वास नव्हता, पण अशा अर्धमेल्या माणसाला पाहून त्याने मृत्यू जिंकला आहे असे कोणालाही वाटले नसते, हे त्यानेच एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले.

आजच्या सुशिक्षित वाचकाला अधिक पटते ते भासाचे स्पष्टीकरण. जिवलग गेल्यावर त्याची चाहूल लागणे, आवाज ऐकू येणे, क्षणभर तो दारात उभा दिसणे हे अनुभव खरोखर येतात आणि ज्यांना ते येतात ती माणसे वेडी नसतात. पण असा अनुभव आलेली पत्नी ‘हे परत आले’ असे म्हणून मृत्यूचा दाखला रद्द करायला जात नाही. गेलेला माणूस गेलाच आहे, हे तो अनुभव तिला अधिकच पटवतो. शिष्यांकडेही अशा भासासाठी शब्द तयार होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील पुस्तकात पेत्र तुरुंगातून सुटून अकस्मात दारात येतो, तेव्हा आतली माणसे म्हणतात, ‘त्याचा देवदूत असेल.’ येशूविषयी ते असे म्हणून थांबले नाहीत. शिवाय भास होण्यासाठी मनात ओढ लागते. पौलाच्या मनात ओढ नव्हती, वैर होते. तो ख्रिस्ती लोकांना पकडायला दिमिष्काकडे निघाला होता. येशू हयात असताना त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, आणि तरी याकोब पुढे त्याच विश्वासासाठी मेला. या सगळ्याच्या भरीला रिकामी कबर राहतेच, कारण भासाने कबर रिकामी होत नाही.

ओसायरिस, अ‍ॅडोनिस, अ‍ॅटिस अशा मरून उठणाऱ्या देवांच्या कथांची ही नक्कल आहे, या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ओसायरिस परत येत नाही, तो मृतांच्या लोकाचा राजा होतो. आणि त्या कथा ऋतुचक्राच्या, अनादी काळातल्या आहेत. पिलाताच्या कारकिर्दीत, अमुक शहराबाहेर, अमुक माणसाच्या कबरेत असे त्यांच्यात कोणी म्हणत नाही.

चार शुभवर्तमानांतील तपशील जुळत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. मार्क तीन स्त्रियांची नावे देतो, मत्तय दोघींची, योहान एकट्या मरीयेचे. मार्कात पांढरा झगा घातलेला एक तरुण आहे, लूकात लखलखीत वस्त्रांतले दोन पुरुष. भेटी कुठे झाल्या, गालीलात की यरुशलेमात, यावरही प्रत्येकाचा भर वेगळा आहे. काही गोष्टींचा मेळ सहज बसतो. मरीया धावत येऊन पेत्राला सांगते ते ‘आम्हाला ठाऊक नाही’ असे अनेकवचनात, म्हणजे योहानालाही ती एकटी नव्हती हे माहीत होते. काही गोष्टींचा मेळ सहज बसत नाही, आणि ओढूनताणून बसवण्यात श्रद्धेचे भले होते असे मला वाटत नाही. मार्काच्या सोळाव्या अध्यायातील नवव्या वचनापासूनचा शेवट चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रमुख हस्तलिखितांत नाही, हेही वाचकाला सांगायला हवे. पण चौघांनी संगनमत करून लिहिले असते तर पहिल्यांदा हीच विसंगती पुसली गेली असती. कबर रिकामी होती, प्रथम स्त्रियांनी ती पाहिली, तो उठला आहे, या गाभ्यावर चौघांचे एकमत आहे. आणि न्यायालयात शब्दन्‌शब्द जुळणाऱ्या साक्षींपेक्षा अशाच साक्षी अधिक विश्वासार्ह मानल्या जातात.

एवढे सगळे मान्य केले तरी एक शेवटची भिंत उरते. मेलेली माणसे उठत नाहीत, हा सर्वांचा अनुभव आहे. मग साक्ष कितीही चांगली असली तरी ती चुकीची असण्याचीच शक्यता अधिक, असा युक्तिवाद डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये केला. यात पहिली गोष्ट अशी की मेलेली माणसे आपोआप उठतात, असे कोणत्याही ख्रिस्ती माणसाने कधी म्हटलेले नाही. देवाने त्याला उठवले, असे म्हटले आहे. प्राचीन काळची माणसे भोळी होती, हाही गैरसमज आहे. अथेन्सच्या अरीयपग या सभास्थानी पौलाने मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख करताच काही श्रोते हसले, आणि शिष्यांतला थोमा तर खिळ्यांच्या वणांत बोट घातल्याशिवाय मानायला तयार नव्हता. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. सर्वांचा अनुभव एकच आहे असे म्हणताना ह्यूमने येशूच्या बाबतीतही तसेच घडले हे आधीच धरून चालले आहे, आणि प्रश्न तर तोच आहे. देव नाहीच, असे ज्याने निश्चित ठरवले आहे त्याला कोणतीही साक्ष पुरणार नाही. देव असू शकतो एवढी जागा ज्याने मनात ठेवली आहे, त्याला ही साक्ष वजन करून पाहता येईल. इतिहासाचे संशोधन आपल्याला रिकाम्या कबरेपर्यंत आणि बदललेल्या माणसांपर्यंत आणून सोडते. त्यापुढचे पाऊल विश्वासाचे आहे, पण ते अंधारात टाकलेले पाऊल नाही.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. देह उठणार असेल, तर ज्याचे दहन झाले, ज्याची रक्षा नदीत सोडली, त्याचे काय? पौलाने याचे उत्तर शेतकऱ्याच्या भाषेत दिले आहे. आपण पेरतो तो नुसता दाणा असतो, उगवणारे रोप नसते. दाणा मातीत नाहीसा होतो आणि देव त्याला त्याचे अंग देतो. ज्वारीचा दाणा आणि कणसाने लवलेले ताट यांच्यात सातत्य आहे, पण दाण्याचे कण जमवून कोणी ताट उभे केलेले नसते. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, तीही दहनाने पुनरुत्थानाला बाधा येत नाही, हे ध्यानात घेऊनच.

हा प्रश्न एकदा विचारला गेला तो मात्र चर्चेच्या ओघात नव्हे. सन १७७ मध्ये गॉल प्रांतातील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, ल्योन शहरी ख्रिस्ती लोकांना ठार मारण्यात आले. मारणाऱ्यांनी त्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली, म्हणजे त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये. आता पाहू ते कसे उठतात, असे ते म्हणत. हे सारे त्याच मंडळीतील वाचलेल्यांनी आशिया आणि फ्रुगिया (आजच्या तुर्कस्तानातील प्रदेश) येथील मंडळ्यांना पत्राने कळवले. त्यानंतर ल्योनचा बिशप झालेल्या इरेनियसने देहाच्या पुनरुत्थानावर लिहिताना त्या प्रश्नाला उत्तर दिले. हाडे, स्नायू आणि शिरा काहीच नव्हते तेव्हा ज्याने माणूस घडवला, त्याला एकदा घडवून विखुरलेले पुन्हा घडवणे अधिक कठीण नाही, असे त्याने त्या नदीकाठच्या गावातून लिहिले.